'लक्षणीय' म्हणजे किती?

गृहविज्ञानातल्या शोधनिबंधांचे मराठी सारांश चाळले की एक वाक्य हमखास भेटतं : 'पूरक आहारानंतर मुलींच्या हिमोग्लोबिनमध्ये लक्षणीय वाढ दिसून आली.' वाचणाऱ्याला वाटतं, चला, मुली सुधारल्या. मूळ इंग्रजी लेखात तो शब्द, 'सिग्निफिकंट', संख्याशास्त्रातला असतो. खरा फरक काहीच नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसला असता, एवढंच तो सांगतो. फरक केवढा पडला, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मराठीत 'लक्षणीय' म्हटलं की डोळ्यांत भरण्याजोगं, मोठं. संख्याशास्त्राच्या मराठी पुस्तकांत यासाठी 'सार्थक' हा शब्द आहे. तो जरा अवघडलेला वाटतो, पण वाचक निदान त्यापाशी थबकतो. 'लक्षणीय'पाशी कोणी थबकत नाही.

हा फक्त शब्दांचा घोळ असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण असे सारांश वाचून आश्रमशाळेचा आहार ठरतो, बचतगटाच्या बिस्किटपुड्यावर दावे छापले जातात, अंगणवाडीच्या बैठकीत 'संशोधन सांगतं' म्हणून गोष्टी सांगितल्या जातात. म्हणून एक मागणी मांडतो. नाशिक जिल्ह्यातल्या लोकांकडून माहिती घेऊन झालेल्या गृहविज्ञान, आहारशास्त्र आणि ग्राहकशिक्षणाच्या प्रत्येक अभ्यासाचा एकपानी मराठी सारांश प्रबंधासोबत सक्तीचा करावा. तो लेखातल्या तक्त्यांवरून लिहिलेला असावा, गोषवाऱ्यावरून, म्हणजे लेखकाने सुरुवातीला दिलेल्या संक्षेपावरून नव्हे. आणि ज्यांची माहिती घेतली, त्यांच्यापर्यंत तो परत जावा.

अभ्यासकाच्या दृष्टीने या जिल्ह्यासारखं तयार क्षेत्र कमी ठिकाणी मिळेल. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हा नागलीचा (नाचणीचा) आणि वरईचा पट्टा. दिंडोरी-निफाडला द्राक्षबागा आणि त्यांतली मजुरी. सातपूर-अंबडला कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्यांचे संसार. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिक शहरातच आहे. प्रश्नावल्या घेऊन विद्यार्थिनी पाड्यांवर जातात, मुलींची वजनं-उंच्या घेतात, बोटातून रक्ताचा थेंब घेतात. त्या थेंबाचं पुढे काय झालं हे मुलीला किंवा तिच्या आईला सहसा कळत नाही. प्रबंध इंग्रजीत बांधला जातो, ग्रंथालयात एक प्रत जाते, फार तर एखादा लेख छापून येतो.

सध्या सारांश लिहायला शिकवलं जातं ते असं : लेख उघडायचा, गोषवारा उचलायचा, वाक्यांची उलटापालट करायची आणि साम्य तपासणाऱ्या संगणकप्रणालीतून तो पार करायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यामुळे सगळं लक्ष त्या दहा टक्क्यांवर. मग 'वाढ'च्या जागी 'वृद्धी', 'संबंध'च्या जागी 'प्रभाव'. या दुसऱ्या बदलाने लेखाचा निष्कर्षच बदलला हे प्रणालीला कळत नाही आणि तपासणाऱ्याला वेळ नसतो.

गोषवारा ही लेखकाने स्वतःच्या लेखाची केलेली ओळख असते. घराची ओळख करून देताना कोणी गळकी भिंत दाखवत नाही. साठ जणींपासून सुरुवात केली आणि शेवटी बावन्न उरल्या, दोन गटांची सरासरी सुरुवातीलाच वेगळी होती, पाच गोष्टी मोजल्या आणि त्यांतली एकच हलली, हे सगळं आत तक्त्यांत सापडतं. अनेकींकडे मुळात गोषवाराच असतो, कारण पूर्ण लेखाला पैसे पडतात. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही केंद्राची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे, पण ती सरकारी संस्थांसाठी. बाकीच्यांसाठी साधा मार्ग असा : गोषवाऱ्याच्या पानावर पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचा ईमेल असतो, त्यावर दोन ओळी लिहून प्रत मागायची. भारतातलं पीएचडीचं काम असेल तर 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पूर्ण प्रबंधच सापडू शकतो. यांतलं काहीच मिळालं नाही, तर त्या लेखाचा सारांश लिहू नये. हा नियम कडक वाटेल, पण असायला हवा.

शोधतानाची आणखी एक अडचण म्हणजे या विषयाची नावं. अमेरिकेत १९०९ मध्ये जी संघटना 'गृहअर्थशास्त्र' नावाने सुरू झाली, तिने १९९४ मध्ये 'कुटुंब व ग्राहक विज्ञान' हे नाव घेतलं. आपल्याकडे कला शाखेत गृहअर्थशास्त्र, विज्ञान शाखेत गृहविज्ञान आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात आता सामुदायिक विज्ञान. विषय एकच, पाट्या वेगवेगळ्या. एकच नाव टाकून शोधलं तर निम्मं साहित्य हाती लागत नाही.

लेख हाती आला की वाचायचा क्रम उलटा ठेवावा. आधी प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, कारण प्रश्न तिथे असतो. मग थेट अभ्यासपद्धती : कोण, किती, कसे निवडले, किती दिवस, किती मात्रा, कशाने मोजलं, कोणाशी तुलना. त्यानंतर तक्ते, आणि लेखकाचं विवेचन वाचण्याआधी प्रत्येक तक्त्यासाठी आपलं एक वाक्य लिहायचं. विवेचन त्यानंतर, गोषवारा सगळ्यांत शेवटी. आपलं वाक्य आणि गोषवारा जुळले नाहीत, तर एक तर आपण चुकलो किंवा गोषवारा फुगवलेला आहे. दोन्ही शक्यता तपासायच्या. आठ-दहा पानांच्या लेखाला असे दोन-अडीच तास लागतात. सारांश लिहिताना लेख मिटून ठेवायचा आणि आकडे पडताळायलाच पुन्हा उघडायचा.

हे मोघम वाटू नये म्हणून एक कल्पित लेख घेऊ. आकडे हिशेबापुरते आहेत, पण अशा लेखांचा साचा असाच असतो. समजा, आश्रमशाळेतल्या १३ ते १५ वयाच्या ६० मुली. ३० मुलींना ९० दिवस रोज ५० ग्रॅमचा नागलीचा एक लाडू. त्यात २५ ग्रॅम नागलीचं पीठ, १५ ग्रॅम गूळ, १० ग्रॅम तूप. उरलेल्या ३० मुलींना फक्त नेहमीचं जेवण. लाडूगटाचं सरासरी हिमोग्लोबिन (ग्रॅम प्रति डेसिलिटर) १०.४ वरून ११.१ वर गेलं, तुलनागटाचं १०.५ वरून १०.८ वर. गोषवारा म्हणतो : लाडवामुळे हिमोग्लोबिनमध्ये लक्षणीय वाढ.

पहिली वजाबाकी. लाडूगट ०.७ ने वाढला, पण लाडू न खाता दुसरा गटही ०.३ ने वाढला. म्हणजे लाडवाच्या खात्यात फार तर ०.४ जमा होतील. आता वाढीचं प्रमाण विचलन, म्हणजे मुलीमुलींमधला सर्वसाधारण चढउतार, दोन्ही गटांत ०.८ धरू. लाडूगटाची आधी-नंतर अशी स्वतःशीच तुलना केली तर टी मूल्य (फरक योगायोगाच्या चढउताराच्या किती पट आहे ते) ४.८ येतं, भरभक्कम सार्थक. दोन गटांच्या वाढीची एकमेकींशी तुलना केली तर ते १.९ येतं, आणि इथे सार्थक ठरायला २.० लागतं. म्हणजे ज्या तुलनेसाठी दुसरा गट ठेवला, तीच तुलना लेखाला साथ देत नाही. बरेच लेख आधी-नंतरचं मूल्य छापतात आणि गटागटांमधली तुलना करतच नाहीत. सारांश लिहिणारीने निदान वजाबाकी करावी. त्याला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरा प्रश्न, लाडू न खाणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन का वाढलं? 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात शाळकरी मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते, त्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक दिन असतो. अभ्यास या काळात आला का, गोळ्या दोन्ही गटांना नेमाने मिळाल्या का, हे लेखात नसेल तर ती मोठी उणीव आहे आणि सारांशात ती नोंदवायला हवी. शिवाय हिमोग्लोबिन ११ च्या खाली असलेल्याच मुली निवडल्या असतील, तर दुसऱ्या मोजणीत सरासरी थोडी वर सरकतेच, कारण पहिल्या वेळी योगायोगाने कमी भरलेल्या मुली दुसऱ्या वेळी आपल्या जागी येतात. मोजणी साहलीच्या पद्धतीने, म्हणजे डोळ्यांनी रंग जुळवून केली असेल, तर मोजणारीचा हात आणि उजेड यांचाही त्यात वाटा.

तिसरा हिशेब स्वयंपाकघरातला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नागलीत ४.६२ मिलीग्रॅम लोह आणि ३६४ मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. २५ ग्रॅममध्ये लोह साधारण १.२ मिलीग्रॅम. गुळाचं धरलं तरी रोज फार तर दोन, आठवड्याला चौदा. निळी गोळी एकटी साठ देते. त्यातही नागलीतल्या फायटेट आणि टॅनिन या लोह बांधून ठेवणाऱ्या द्रव्यांमुळे तिच्यातलं बरंचसं लोह शोषलं जात नाही. मोड आणून दळली तर शोषण सुधारतं, सोबत लिंबू किंवा आवळा असेल तर आणखी. पीठ मोडाचं होतं की साधं, हे लेखात शोधावं. नसेल तर तसं लिहावं.

आणि चौथी गोष्ट, जी गोषवाऱ्यात कधीच नसते. या वयात जागतिक आरोग्य संघटनेची रक्तक्षयाची सीमा १२ आहे. ११.१ वर पोहोचलेल्या गटाची सरासरी अजून रक्तक्षयातच आहे. किती मुलींनी १२ चा टप्पा ओलांडला ही संख्या सरासरीपेक्षा आश्रमशाळेच्या कामाची, पण ती बहुधा दिलेलीच नसते.

नमुना निवडीबद्दल. 'नाशिकमधील गृहिणी' असं शीर्षक असतं आणि आत शंभर जणी गंगापूर रोडच्या दोन-चार सोसायट्यांमधल्या निघतात. सारांशात शीर्षक उतरवू नये, ज्या शंभर जणींना विचारलं त्या लिहाव्यात. 'सहेतुक यादृच्छिक निवड' असा एक शब्दप्रयोग आपल्याकडच्या लेखांत सर्रास असतो. सहेतुक म्हणजे ठरवून, यादृच्छिक म्हणजे चिठ्ठी टाकून; डोळे उघडे ठेवून चिठ्ठी काढण्याचाच हा प्रकार. तो तसाच मराठीत आणण्याऐवजी 'ओळखीच्या आणि उपलब्ध महिला निवडल्या' असं सरळ लिहावं. आहाराच्या पाहणीत महिनाही पाहावा. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याकडची बरीच कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. डिसेंबरात पाड्यावर केलेल्या पाहणीत घरी म्हातारी माणसं आणि लहान पोरंच सापडतील. 'काल दिवसभरात काय खाल्लं' हा प्रश्न एकाच दिवशी विचारला, आणि तो दिवस आठवडी बाजाराचा किंवा एकादशीचा निघाला, तर आकडे त्या दिवसाचे झाले, आहाराचे नव्हेत.

ग्राहकशिक्षणाच्या पाहण्यांत वेगळाच सापळा आहे. प्रश्नावलीतलं 'बरोबर उत्तर' कोणत्या तारखेला बरोबर होतं? १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे किती रकमेच्या खरेदीपर्यंतची तक्रार नेता येते, ती मर्यादा आधी एक कोटी रुपये झाली आणि डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आली. जुनी उत्तरपत्रिका वापरली तर जाणकार बाईच अज्ञानी ठरते. तक्ता बिनचूक असतो, चूक परिशिष्टातल्या प्रश्नावलीत असते. म्हणून परिशिष्ट वाचायचं.

पदार्थनिर्मितीच्या लेखांचं बचतगटांना फार आकर्षण असतं, आणि ते योग्यही आहे. नागलीचं पीठ १०, २०, ३० टक्के घालून बिस्किटं करायची, नऊ बिंदूंच्या आवडश्रेणीवर गुण घ्यायचे, सरासरी ७.८ आली की पदार्थ 'अत्यंत स्वीकारार्ह'. त्या श्रेणीवर ७ म्हणजे 'बऱ्यापैकी आवडलं' आणि ८ म्हणजे 'खूप आवडलं'. चव घेणारे दहा जण बहुतेक वेळा त्याच विभागातले असतात, तेही एकदाच खाऊन गुण देतात. हे बिस्किट मूल महिनाभर रोज खाईल का, याचं उत्तर त्यात नाही. पुड्यावरचा दावा तर त्याहून नाजूक. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या दाव्यांच्या नियमांनुसार घन पदार्थाला कॅल्शियमचा 'स्रोत' म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये रोजच्या शिफारशीच्या १५ टक्के हवं, 'भरपूर' म्हणायला ३० टक्के. ३० टक्के नागली घातलेल्या १०० ग्रॅम बिस्किटांत नागलीतून सुमारे १०९ मिलीग्रॅम कॅल्शियम येतं. शिफारस १००० ची आहे, म्हणजे अकरा टक्के. केवळ नागलीच्या जोरावर 'कॅल्शियमचा स्रोत' म्हणता येत नाही, 'भरपूर' तर दूरच. १०० ग्रॅम कोरड्या पिठाचा आकडा तयार पदार्थाला चिकटवला की ही चूक होते, आणि ती सारांश लिहिणारीच्या हातूनच होते.

मराठीचा एक प्रत्ययही घातक आहे : '-मुळे'. इंग्रजी लेख जपून म्हणतो, नागली खाणाऱ्या घरांत अमुक प्रमाण जास्त होतं. सारांशात येतं 'नागलीमुळे प्रमाण वाढलं'. आवडीने नागली खाणारं घर आणि नाइलाजाने खाणारं घर यांत इतर शंभर फरक असतात. चिठ्ठ्या टाकून गट पाडले नसतील, तर '-मुळे' लिहायची मुभा नसावी, एवढा एक नियम वर्गात लावला तरी निम्मे सारांश सुधारतील. तसाच 'कुपोषित' हा शब्द. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. तिन्ही मोजमापं वेगळी आहेत आणि एकच मूल तिन्हींत असू शकतं. तरी पहिल्या दोघांची बेरीज करून 'साठ टक्के कुपोषण' लिहिणारे महाभाग असतात.

मराठी सक्तीवर पहिला आक्षेप ठरलेला : पुढे इंग्रजीतच काम करायचं आहे, मग मुलींना मागे का ओढता? वाचन इंग्रजीतच राहणार आहे. लिहिताना भाषा बदलली की अर्थ लावल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, हा फायदा आहे. तुलनागट, नमुना, गळती, सरासरी, विचलन हे शब्द आहेत, आणि नसेल तिथे 'हिमोग्लोबिन'सारखा शब्द देवनागरीत खुशाल लिहावा. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : आता यंत्र क्षणात मराठी सारांश करून देतं. देतं, आणि भाषाही गुळगुळीत असते. पण नुसता गोषवारा टाकला तर त्यातली फुगवण तशीच उतरते आणि 'संबंध'चा '-मुळे' झालेला दिसतही नाही. त्यावर उपाय तोंडी परीक्षेचा : लेखातला एक तक्ता पुढ्यात ठेवून पाच प्रश्न. शेवटी किती उरल्या, दोन गटांतला फरक किती, एकक कोणतं. दहा मिनिटांत कळतं. तिसरी तक्रार शिक्षकांच्या वेळेची. ती रास्त आहे, म्हणून सत्राला दहा सारांश लिहून घेण्याऐवजी दोनच घ्यावेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी आपल्याला वाचवेल, ही आशाही सोडलेली बरी. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्याच यादीतली ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली, आणि त्यानंतरची 'केअर' यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता लेख वाचून पारखायचं काम वाचणाऱ्यावरच आहे.

परत जाणारा कागद एकाच पानाचा, मोठ्या अक्षरातला, अडीचशे ते तीनशे शब्दांचा असावा. त्यात लेखकांची स्तुती नको, 'सदर अभ्यास' नको, इतरांच्या संशोधनाचे दाखलेही नकोत. वरच्या कल्पित लेखाचा गाभा असा लिहिता येईल : 'तुमच्या शाळेतल्या ६० मुलींपैकी ३० जणींना तीन महिने रोज नागलीचा लाडू दिला. लाडू खाणाऱ्यांचं हिमोग्लोबिन सरासरी ०.७ ने वाढलं, न खाणाऱ्यांचं ०.३ ने. हा ०.४ चा फरक लाडवाचाच, असं या अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही. दोन्ही गटांची सरासरी अजून १२ च्या खाली आहे. शाळेत मिळणाऱ्या निळ्या गोळ्यांची नोंद आम्ही ठेवली नाही.'

हा कागद वाचून मुख्याध्यापिका विचारणार, मग लाडू चालू ठेवायचा की बंद करायचा? त्याचंही उत्तर त्याच पानावर, हिशेबासकट हवं. एका लाडवातून सव्वादोनशेच्या आसपास किलोकॅलरी आणि नागलीचं ९१ मिलीग्रॅम कॅल्शियम मिळतं, तेवढ्यासाठी तो जरूर द्यावा. पीठ मोडाच्या नागलीचं घ्यावं. निळी गोळी मात्र लाडू आहे म्हणून चुकवू नये.